परतीचे स्टेशन : मराठी प्रवासवर्णन आणि आपण

गेल्या वर्षी माझा एक माजी विद्यार्थी लंडनला शिकायला गेला. ऊसतोडीच्या टोळीबरोबर वाढलेला, पाथर्डीकडचा पोरगा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती त्याला मिळाली. निघण्याआधी घरी आला आणि म्हणाला, "सर, तिकडं जायच्या आधी वाचावं असं एखादं पुस्तक द्या." मी मराठीचा अध्यापक. माझ्या कपाटात प्रवासवर्णनांचा अख्खा एक खण आहे. त्या खणासमोर मी बराच वेळ उभा राहिलो आणि या पोराच्या हाती ठेवावे असे पुस्तक मला त्यात सापडेना. का सापडेना, याचा विचार तेव्हापासून चालू आहे.

मराठी प्रवासवर्णनाची एक ठरलेली चाल आहे. लेखक निघतो तेव्हा परक्या शहराचे एक चित्र त्याच्या डोक्यात असते. शाळेतल्या इंग्रजी पुस्तकांनी, सिनेमांनी, आधी जाऊन आलेल्यांच्या गप्पांनी ते रंगवलेले असते. तिथे पोचल्यावर त्या चित्राला तडे जातात. तुसडा वाटणारा गोरा माणूस वाट दाखवायला चार पावले बरोबर येतो, श्रीमंत वाटणाऱ्या देशात दारिद्र्य दिसते, आणि लेखक थोडा शहाणा होऊन घरी परततो. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'मध्ये (१९४०) या चालीला राजकीय कुतूहलाची जोड आहे, पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' (१९६०) हा तिचा सर्वांत लोभस नमुना.

'अपूर्वाई'ला नावे ठेवायला मी बसलेलो नाही. ती मी वर्गात शिकवली आहे आणि शिकवताना मनापासून हसलो आहे. माझा प्रश्न तिच्या मुळाशी असलेल्या एका गृहीताविषयी आहे. या लेखनात बदलते ते परक्या शहराविषयीचे मत. स्वतःच्या घराविषयीचे, गावाविषयीचे मत बदलण्याची वेळ लेखकावर येत नाही. फार तर दूर गेल्यामुळे घर अधिक गोड वाटू लागते. परक्या शहरात आपल्याला कोणी ओळखत नाही ही पांढरपेशा प्रवाशाची अडचण असते, आणि त्याचे निम्मे विनोद त्या अडचणीतून जन्मतात. आपल्या माणसाला मात्र कोणी ओळखत नाही, हीच त्या शहराने दिलेली पहिली भेट असते.

एकदा परदेशातल्या घरमालकिणीविषयीचा असाच एक उतारा शिकवत होतो. वर्ग खिदळत होता. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण खोली लगेच दिली त्यांना?" वर्ग आणखी हसला. ती हसत नव्हती. ती आणि तिची मैत्रीण दोन आठवडे त्या गावात खोली शोधत हिंडत होत्या. मला तिचा प्रश्न ताबडतोब कळला, कारण नोकरीवर रुजू झालो तेव्हा मीही तालुक्याच्या गावात तसाच हिंडलो होतो. एका घरी आधी आडनाव विचारले. माझे आडनाव कोणत्याही जातीत सापडावे असे. त्यावरून भागले नाही. मग गाव विचारले. मग तिसरा प्रश्न आला, "गावात घर कोणत्या बाजूला?" पुढे मी याचे उत्तर तयार ठेवायला शिकलो : वेशीजवळ. वेशीच्या आत की बाहेर, हे सहसा कोणी विचारत नाही.

मराठीत याला अपवाद नाही असे नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आणि १८८९ मध्ये त्यांचे 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. तिथल्या स्त्रियांच्या संस्था पाहताना इथली केशवपन केलेली विधवा त्यांच्या नजरेसमोरून हलत नाही. ज्यांचे स्वतःचे घरच प्रश्नांकित आहे अशा बाईचे हे लेखन आहे. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. आपल्या समीक्षेने या पुस्तकाला प्रवासवर्णनाच्या परंपरेत द्यायला हवी होती तेवढी जागा दिली नाही.

आमच्या नगर जिल्ह्यात तर परदेश आधी आमच्याकडे आला, आम्ही नंतर त्याच्याकडे जायला निघालो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे दिले. सिंथिया फरार यांच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. मिशनच्या शाळांनी महारवाड्या-मांगवाड्यांतल्या कितीतरी पोरांच्या हाती पहिली पाटी दिली. माझ्या आजीची अमेरिका मात्र वेगळी होती. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली ती बाई. "आमेरिका मंजी तांबडी मिलो," एवढेच ती सांगायची, आणि त्या भाकरीचा वास अजून नाकात असल्यासारखे तोंड करायची. देणारा देश, शिकवणारा देश, जिथे शिवाशिव नाही असा देश : आमच्या वस्त्यांत परदेशाचे जे चित्र तयार झाले ते असे तुकड्यातुकड्यांचे आहे. तेही पूर्वग्रहच आहेत. फक्त ते भीतीचे नसून आशेचे आहेत, म्हणून त्यांची तपासणी कोणी करत नाही.

अण्णा भाऊ साठे यांचा 'माझा रशियाचा प्रवास' या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला हा माणूस. त्याचे पहिले परके शहर मुंबई. (आमच्या अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी 'बलुतं'मध्ये कावाखान्याची मुंबई आणि गाव यांच्यामधली जी ये-जा लिहिली, तीही मी एक प्रवासवर्णन म्हणूनच वाचतो.) अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तो दुसरे महायुद्ध चालू असताना, ते शहर न पाहता. रशिया त्यांनी पाहिला १९६१ मध्ये. म्हणजे जवळजवळ दोन दशके ज्या देशाचे चित्र त्यांनी काळजाशी धरले होते, त्या देशात ते गेले. जे पाहायला गेले तेच त्यांना दिसले, असे मला वाटते. पुस्तक भारावलेले आहे. पाहुण्याला यजमानांनी जे दाखवले त्यापलीकडे ते फारसे डोकावत नाही. 'फकिरा' लिहिणाऱ्या लेखणीची धार इथे बोथट होते, हे अण्णा भाऊंवरच्या प्रेमापोटी आपण लपवू नये. तरीही माझ्या मनात एक गोष्ट राहतेच. ज्याला स्वतःच्या गावाने माणूस म्हणून कधी बोलावले नाही, त्याला एका देशाने लेखक म्हणून बोलावले होते. असा माणूस तिथे जाऊन यजमानांच्या उणिवा मोजत बसला नाही, तर त्याला भाबडा म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे? २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडच्या वाङ्मयेतिहासात त्यांना पान मिळायला किती वर्षे लागली, ते वाचकांना ठाऊक आहे.

पण चित्र फाटते म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनाकडे वळावे लागते. ते प्रवासवर्णन म्हणून कोणी वाचत नाही. खरे तर त्यातली पहिलीच हकीकत प्रवासाची आहे : वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात आणि कोणी गाडीवान त्यांना गाडीत घ्यायला तयार होत नाही. साताऱ्याच्या शाळेत तरट घेऊन वेगळे बसलेला, शिपाई नसेल त्या दिवशी पाण्यावाचून राहिलेला हा मुलगा जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचला. वय बावीस. सयाजीरावांची शिष्यवृत्ती, कोलंबिया विद्यापीठ. तिथून लंडन. १९१७ मध्ये परत.

आता या कथनाची रचना पाहा. नेहमीचे प्रवासवर्णन परक्या शहरावर दोनशे पाने खर्च करते आणि परतीला एक परिच्छेद देते. इथे न्यूयॉर्क आणि लंडन यांना मिळून दोन-चार वाक्ये. आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच युरोप-अमेरिकेतल्या त्या वर्षांत मनातून पुसली गेली होती, एवढे सांगून लेखक थेट बडोद्याच्या स्टेशनवर उतरतो. आणि उतरल्याबरोबर प्रश्न उभा राहतो : जायचे कुठे? पुढचे सगळे कथन त्या प्रश्नाच्या उत्तराचे आहे. पारशांची धर्मशाळा. अंगात सदरा आणि कस्ती नाही हे रखवालदाराच्या लक्षात येणे. पैशांची गरज असलेल्या त्याच रखवालदाराने वहीत पारशी नाव घालून घेणे. वरच्या मजल्यावरची एक लहान खोली आणि बाकी मोडक्या खुर्च्या-फळ्यांनी भरलेला अंधारा दिवाणखाना, त्यात एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेले डझनभर लोक. मग एक हिंदू मित्र, ज्याला आपल्या नोकरांची भीती वाटते. एक ख्रिस्ती मित्र, ज्याला बायकोला विचारायचे आहे. शेवटी सार्वजनिक बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहणे.

परदेशी शहराने या प्रवाशाचे कोणते मत बदलले? अमेरिकेविषयीचे नव्हे. बाविसाव्या वर्षापर्यंत जी गोष्ट हवापाण्यासारखी सर्वत्र असते असे अनुभव सांगत होता, ती एका विशिष्ट मुलखाची रीत आहे, एवढे त्या शहराने दाखवून दिले. ज्याला हे कळले आहे त्याला बडोदा पूर्वीसारखे सोसता येत नाही. परदेशी न गेलेला माणूस कदाचित स्टेशनवरूनच आपल्या वस्तीचा रस्ता विचारत गेला असता. धर्मशाळेचा अंधार ज्याला अंधार म्हणून दिसतो, तो न्यूयॉर्कहून आलेला माणूस आहे. शीर्षकातला 'व्हिसा' हा शब्द मला इथे उलगडतो. समुद्र ओलांडताना ज्याची वाट पाहावी लागली नाही, त्याची वाट स्वतःच्या देशात पाहायची आहे. आणि हे सारे सांगितले आहे ते परदेशी वाचकाला, ज्याला अस्पृश्यता असते हे ऐकून माहीत आहे, पण जो तिच्या शेजारी राहिलेला नाही.

एक धोका इथे आहे आणि तो आपल्याच लेखनात दिसतो. यावरून न्यूयॉर्क हे पुण्यक्षेत्र ठरत नाही. कोलंबिया विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिच्या खाली हार्लेम आहे, आणि बाबासाहेब शिकत होते त्याच वर्षांत तिथे काळ्या लोकांची वस्ती वाढत होती. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये मुंबईच्या पोरांनी 'पँथर' हे नाव उचलले तेही त्याच अमेरिकेतून. उलट्या दिशेचा प्रवासही झाला आहे. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकाने त्यांची ओळख अमेरिकेतला एक अस्पृश्य अशी करून दिली. पहिल्या क्षणी आपल्याला धक्का बसला, राग आला, आणि मग ते खरेच आहे हे उमगले, असे त्यांनी १९६५ च्या एका प्रवचनात सांगितले. परक्या शहराने माणसाचे स्वतःविषयीचे मत बदलल्याचा याहून थेट दाखला मला ठाऊक नाही.

बाबासाहेबांना ही मर्यादा न्यूयॉर्कमध्ये असतानाच दिसली होती. ९ मे १९१६ रोजी तिथल्या चर्चासत्रात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे एक मत उद्धृत करतात : हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल. म्हणजे ते शहर निर्मळ वाटले ते तिथे ही खूण वाचता येणारे फार थोडे होते म्हणून. आज ते वाचणारे तिथे भरपूर आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराला जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालावी लागली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक गव्हर्नरांनी नाकारले. ब्रिटनमध्ये २०१३ साली संसदेने जातीचा समावेश समता कायद्यात करण्याची तरतूद केली, आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने तसे न करण्याचे ठरवले. आमच्या वस्त्यांतले जे आशेचे चित्र मी वर सांगितले, ते तपासण्याची वेळ येऊन ठेपली आहे. ते काम आपल्याच लेखकांनी करायचे आहे. शिष्यवृत्त्यांवर गेलेली आपली मुले आज लंडनला, लीड्सला, न्यूयॉर्कला आहेत. त्यांच्यापैकी कोणी आजवरच्या प्रवासवर्णनाची चाल उचलून नुसते बर्फाचे आणि भुयारी रेल्वेचे वर्णन लिहून पाठवले, तर संपादकांनी ते साभार परत करावे.

त्या पोराला मी शेवटी 'व्हिसा'ची झेरॉक्स दिली होती. परवा त्याचा फोन आला. कॉलेज चांगले आहे, मास्तरीण नावाने हाक मारायला सांगते, थंडी सोसत नाही. मी विचारले, दिलेले वाचलेस का? म्हणाला, पारशांच्या धर्मशाळेपर्यंत वाचलं, पुढचं राहिलंय. मग थोडा थांबला. राहत्या जागी स्वयंपाकघर सहा जणांत एक आहे, त्यांत दोघे मराठी. गोऱ्या पोरांनी फक्त नाव विचारले. मराठी पोरांपैकी एकाने आडनाव विचारले, मग गाव, मग घर गावात कोणत्या बाजूला.

"मग काय सांगितलंस?"

"वेशीजवळ."

हे उत्तर त्याला कोणी शिकवले, ते मला विचारावे लागले नाही. खोलीचा तो किस्सा मी दर वर्षी वर्गात सांगतो, पोरे हसतात म्हणून.