काळोख, प्रयोगशाळा आणि न दिसणारा प्रतिनायक

प्रतिनायक ही संकल्पना आपल्या काव्यशास्त्राला नवी नाही. धनंजयाने ‘दशरूपका’त त्याचे लक्षण सांगताना लोभ, औद्धत्य, हट्ट, पापाचरण आणि व्यसनाधीनता यांचा निर्देश केला आहे. या लक्षणात एक गोष्ट गृहीत आहे : प्रतिनायकाला काहीतरी हवे असते आणि त्या हवे असण्यातूनच त्याचे पाप जन्मते. याउलट व्लादिमीर प्रॉपने 1928 मध्ये रशियन परीकथांचे रूपविश्लेषण करताना खलपुरुषाला मुख्यतः एक कथनकार्य मानले. हानी घडते हे महत्त्वाचे. ती कोण घडवतो हे दुय्यम. एकाच कथेत दोन खलपुरुष येतात तेव्हा या दोन दृष्टींतील अंतर विशेष स्पष्ट होते. ‘शक्तिमान’ या मालिकेचा विचार येथे करावयाचा आहे तो याच दृष्टीने.

दूरदर्शनवर सप्टेंबर 1997 पासून 2005 पर्यंत चाललेली, दिनकर जानी दिग्दर्शित ही हिंदी मालिका मराठी घरांतील एका पिढीच्या बालपणाचा भाग झाली. तिच्या विज्ञानकथेच्या पोशाखाखाली पुराणकथेचा गाभा आहे. नायकाचे सामर्थ्य योगसाधनेतून, कुंडलिनीच्या जागृतीतून आणि पंचमहाभूतांतून येते. त्याच्यासमोर दोन प्रमुख प्रतिनायक उभे आहेत : तमराज किल्विष आणि डॉ. जैकाल. त्यांना परस्परस्पर्धी म्हणताना त्यांच्यातील व्यक्तिगत वैर अभिप्रेत नाही. दुष्टता कोठून येते, या एकाच प्रश्नाची ती दोन परस्परविरोधी उत्तरे आहेत, या अर्थाने ते स्पर्धी आहेत.

किल्विष म्हणजे काळोख. ‘किल्बिष’ या संस्कृत शब्दाचा अर्थच पाप असा आहे. काळोख टिकून राहावा, एवढीच त्याची घोषणा. तिच्यात लोभ नाही, व्यसन नाही, खरे तर इच्छाही नाही. कारण काळोखाला स्वतःच्या असण्यापलीकडे काही साधावयाचे नसते. धनंजयाच्या लक्षणात तो बसत नाही. जैकाल मात्र त्यात चपखल बसतो. तो वैज्ञानिक आहे, त्याला सत्ता हवी आहे, आणि ‘पॉवर’ हा एकच शब्द तो मंत्रासारखा घोकत राहतो. सामर्थ्य, सत्ता आणि ऊर्जा हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात एकवटलेले आहेत. शक्तिमानची प्रतिकृती घडवण्यापर्यंत त्याची मजल जाते. किल्विष हे दुष्टतेचे अधिभौतिक स्पष्टीकरण, तर जैकाल हे मानसशास्त्रीय.

ही स्पर्धा मालिका कशी मिटवते? ती जैकालला किल्विषाच्या छत्राखाली आणते. प्रयोगशाळा काळोखाची चाकर होते. परिणामी विज्ञानाच्या गैरवापराचा ऐतिहासिक, माणसाने घडवलेला आणि म्हणूनच माणसाला बदलता येण्याजोगा प्रश्न सनातन तमोगुणाच्या पोटात विरघळून जातो.

येथे पात्रनिवडीचा एक तपशील लक्षणीय ठरतो. शक्तिमान साकारणारे मुकेश खन्ना आणि किल्विष साकारणारे सुरेंद्र पाल हे दोघेही बी. आर. चोप्रा यांच्या ‘महाभारता’त (1988–90) अनुक्रमे भीष्म आणि द्रोण होते. त्या कथेत हे दोघे एकाच पक्षात होते. थोर असूनही अधर्माच्या बाजूने उभे. त्यांची शोकात्मता या संमिश्रतेतच होती. पुढच्याच दशकात तेच दोन चेहरे प्रकाश आणि काळोख असे विभागले गेले. मग द्रोणाचे नैतिक स्थान कोठे गेले? राजाश्रयाने बांधलेला, आपली विद्या सिंहासनाच्या सेवेत लावणारा तज्ज्ञ, हे ते स्थान. ते किल्विषाकडे आलेले नाही. रचनेच्या दृष्टीने ते जैकालकडे आले आहे. परंतु द्रोणाला जो पेच होता तो जैकालला दिलेला नाही. त्याला केवळ हाव दिली आहे. विद्या आणि सत्ता यांच्या संबंधाची शोकांतिका घडण्याची शक्यता येथे होती; तिचे विकृतिचित्र झाले.

बालरंजनाकडून एवढी अपेक्षा अवाजवी आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. पण खलनायकावाचूनही विज्ञानकथा उभी राहू शकते, हे मराठीत जयंत नारळीकरांनी दाखवून दिलेले आहे. ‘धूमकेतू’ या त्यांच्या कथेत पृथ्वीकडे येणारा धूमकेतू दुष्ट नाही. ताण आहे तो संकटाला सामोरे जाण्याच्या दोन पद्धतींत, गणित आणि अनुष्ठान यांच्यात. शिवाय बालपणी ऐकलेल्या कथेतून मूल केवळ आशय घेत नाही; हानी झाली की कर्ता कोठे शोधावयाचा, याचे व्याकरणही घेते.

या व्याकरणाची कसोटी कथेबाहेर घ्यावयाची तर महाड-पोलादपूरचा परिसर डोळ्यांसमोर येतो. मालिका संपली त्याच वर्षी, जुलै 2005 मध्ये, महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. 2016 च्या ऑगस्टमध्ये सावित्री नदीवरील जुना पूल एस.टी. गाड्यांसह वाहून गेला. जुलै 2021 मध्ये तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे, साखर सुतारवाडी या वस्त्यांवर डोंगर आला. अशा वेळी आपली भाषा दोनच वाटा धरते. ‘निसर्ग कोपला’ हे किल्विषाचे व्याकरण. ‘कोणा एकाचे हे पाप’ हे जैकालचे. पहिल्यात उत्तरदायित्व कोणाचेच उरत नाही. दुसऱ्यात ते एकाच्या माथी मारून इतर सर्व मोकळे होतात. उतारावरची वस्ती, पुनर्वसनाचा विलंब, पुलाची तपासणी, धोक्याची सूचना यांत विखुरलेल्या कर्तृत्वाला या भाषेत कर्तृपदच सापडत नाही.

आणि तरीही याच महाडात त्या कर्तृपदाचे नाव एकदा स्पष्ट उच्चारले गेले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी पाणी मिळाले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी ते पाणी प्याले. 25 डिसेंबरला तेथे मनुस्मृती जाळली गेली. जाळला गेला तो ग्रंथ होता, कोणा माणसाचा पुतळा नव्हे. हा प्रतिनायक काळोखासारखा अनादी नव्हता आणि जैकालसारखा वेडापिसाही नव्हता. तो लिहिलेला होता, पाळला जात होता, अनेक सभ्य हातांनी रोज घडवला जात होता. म्हणूनच तो नाकारता येण्याजोगा होता. न्यायालयातही त्याच्याशी लढता आले. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

‘शक्तिमान’च्या रचनेत या तिसऱ्या प्रतिनायकाला जागा नाही. दोष एका मालिकेचा नाही. आपल्या लोकप्रिय कथनाला संस्था हे पात्र अजून रंगवता आलेले नाही. काळोखाला शिंगे लावता येतात, वैज्ञानिकाला विकट हास्य देता येते. ठरावाच्या अंमलबजावणीत झालेल्या टाळाटाळीला चेहरा कोणता द्यावयाचा? हा प्रश्न मराठी विज्ञानकथेने स्वतःचा मानला, तरच तिचा प्रतिनायक प्रौढ होईल.