चित्रपट महोत्सव आणि उपशीर्षकांची भाषा

भारतातील पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ साली मुंबईस भरला. पुण्यात असा महोत्सव २००२ साली सुरू झाला. घरापासून कोसभर अंतरावर बसून फ्रेंच, जपानी, फारसी चित्रपट पाहावयास मिळावेत, ही सोय लहान नव्हे. परंतु हे चित्रपट आपण बहुधा इंग्रजी उपशीर्षकांच्या आधारे पाहतो आणि परीक्षण लिहिताना मात्र मूळ संवाद ऐकल्याच्या थाटात पात्रांच्या बोलण्यावर अभिप्राय देतो. ही सवय कितपत निर्दोष आहे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

झाँ रन्वारचा ‘ला ग्रांद इल्युझिआँ’ (१९३७) घ्या. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या बंदिवासात बोल्द्यू हा उमराव आणि मारेशाल हा सामान्य घरातील अधिकारी दीर्घकाळ एकत्र राहतात. तरी त्यांचे परस्परांस ‘व्हू’ म्हणणे सुटत नाही. मारेशाल ही खंत बोलून दाखवितो, तेव्हा आपण आईस आणि पत्नीसही ‘व्हू’च म्हणतो, असे बोल्द्यू सांगतो. पुढे मारेशालला पळून जाता यावे म्हणून तो प्राण देतो. ते सर्वनाम मात्र देत नाही. चित्रपटाचे मर्म या विसंगतीत आहे. इंग्रजीच्या प्रचलित प्रमाणरूपात मध्यमपुरुषी सर्वनाम एकच उरल्याने उपशीर्षकास येथे इतर शब्दांनी वेळ मारून न्यावी लागते. हा प्रसंग प्रथम पाहताना प्रस्तुत लेखकास बोल्द्यूचा ताठा तेवढा दिसला; व्याकरण ऐकू आले नाही.

मग मराठी उपशीर्षक दिल्याने प्रश्न सुटेल काय? अंशतः सुटेल. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आपणांस उपजत आहे. परंतु आपण आईला आणि देवालाही ‘तू’ म्हणतो. आईला ‘तुम्ही’ म्हणणारा बोल्द्यू बहुतेक मराठी कानांस विक्षिप्त वाटेल. ब्राउन व गिल्मन यांनी १९६० साली सत्ता आणि सलगी या दोन तत्त्वांवर सर्वनामांची जी मांडणी केली, तीत भक्तीच्या व मायेच्या या ‘तू’ची सोय वेगळी लावावी लागते.

ओझूच्या ‘टोक्यो स्टोरी’त (१९५३) सर्वनामाऐवजी बोलीचा प्रश्न आहे. ओनोमिचीहून आलेले वृद्ध आईवडील तिकडच्या बोलीत बोलतात, तर टोक्योत स्थिरावलेली मुले टोक्योच्या भाषेत. मालवणी बोलणारे आईबाप पुण्यातील मुलाकडे आले असता जे अंतर आपल्या कानांस तत्काळ कळेल, ते इंग्रजी उपशीर्षकांत सपाट होते. मुलांच्या दुराव्याचे कारण मग आपण केवळ त्यांच्या स्वार्थात शोधतो.

उपशीर्षकांचा त्याग करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. त्यांच्यावाचून हे चित्रपट आपणांस मुके राहिले असते. मात्र ज्याने वाचले तेवढेच, त्याने ‘संवाद’ या शब्दाचा उपयोग जपून करावा. भाषा कळत नसली तरी संबोधन कोठे बदलते, कोण कोणापुढे आवाज उतरवितो, हे कानांस कळू शकते. पडद्याच्या तळाशी खिळलेली दृष्टी मधूनमधून वर उचलावी आणि ऐकावे, एवढी शिस्त तरी विद्यार्थ्याने महोत्सवात पाळावी. अन्यथा आपले परीक्षण चित्रपटाचे नसून त्याच्या अनुवादाचे ठरेल.