‘ब्लॅक सॅबथ’ (१९७०) : भयाचा स्वर आणि श्रमिकाचा हात

प्रास्ताविक

बर्मिंगहॅममधील अ‍ॅस्टन या कामगारवस्तीतून आलेल्या चार तरुणांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी इंग्लंडमध्ये ‘व्हर्टिगो’ कंपनीने प्रकाशित केली. हेवी मेटल या संगीतप्रकाराचा आरंभ सामान्यतः या ध्वनिमुद्रिकेपासून मानला जातो. तथापि तिच्याविषयीची चर्चा दोन ठरीव विधानांभोवती फिरत राहिली आहे : ही सैतानपूजेची कलाकृती होय, हे एक, आणि कारखान्यांचा खडखडाट या संगीतात थेट उतरला, हे दुसरे. प्रस्तुत लेखात या दोन्ही विधानांची तपासणी केली आहे.

भयाचा स्वर

शीर्षकगीताची मुख्य स्वराकृती अवघ्या तीन स्वरांची आहे. भारतीय परिभाषेत सांगायचे तर षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज-तीव्र मध्यम या अंतराला युरोपीय परंपरेत ‘संगीतातील सैतान’ असे नाव पडले. मध्ययुगीन चर्चने त्यावर बंदी घातली होती, या लोकप्रिय समजुतीला मात्र भक्कम आधार नाही. यमन रागात हाच तीव्र मध्यम प्रसन्न वाटतो. म्हणजेच भय स्वरात नसून त्याच्या योजनेत असते. टोनी आयोमीची गिटार तीव्र मध्यमावर थबकते, पंचमावर विसावत नाही आणि पुन्हा षड्जापासून आरंभ करते. विलंबित लय आणि स्वरांमधील मोकळी जागा यांमुळे ही अपूर्णता अधिकच जाणवते.

शब्दांचा रोखही लक्षणीय आहे. गीतातील निवेदक समोर उभ्या काळ्या आकृतीची उपासना करीत नाही. तो घाबरून ईश्वराचा धावा करतो. ही भूमिका उपासकाची नसून भयग्रस्ताची आहे. मुखपृष्ठाच्या आतील उलटा क्रूस वाद्यवृंदाला न विचारता छापला गेला, असे सदस्यांनी पुढे सांगितले. सैतानी प्रतिमेचा बराचसा भाग, अशा रीतीने, विक्रीव्यवहारातून घडला.

श्रमिकाचा हात

वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. जँगो राइनहार्ट या जखमी हाताने वाजवणाऱ्या गिटारवादकाचे ध्वनिमुद्रण ऐकून त्याला धीर आला. प्लास्टिक वितळवून त्याने बोटांसाठी टोपणे केली आणि हलक्या तारा वापरल्या.

याच अपघातामुळे त्याने गिटारीच्या तारा खालच्या स्वरात लावल्या आणि त्यातून हे संगीत ‘जड’ झाले, असे म्हटले जाते. परंतु असे ठळक बदललेले स्वरमेळन १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये आढळते, पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गिटार प्रचलित पद्धतीनेच लावलेली आहे. येथील जडपणा गिटार आणि गीझर बटलरची बेस एकच स्वराकृती मिळून वाजवतात, त्यातून आणि बिल वॉर्डच्या संयत तालवादनातून येतो. कारखाना या संगीतात ध्वनीच्या अनुकरणाने येत नाही. तो वादकाच्या देहावरील मर्यादेच्या रूपाने येतो. त्या मर्यादेतून वाट काढण्याची रीत हेच या शैलीचे एक बीज होय.

मर्यादा

ध्वनिमुद्रिकेचे बहुतांश काम ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडन येथे एका दिवसात उरकले गेले. या घाईमुळे तिला प्रत्यक्ष मैफलीचा ताजेपणा लाभला, तसाच विस्कळीतपणाही. ‘इव्हिल वुमन’ व ‘वॉर्निंग’ ही गीते इतरांची आहेत. ‘वॉर्निंग’मधील प्रदीर्घ गिटारवादनात जुन्या ब्लूजची उजळणी अधिक आणि नवी रचना कमी आहे. लेस्टर बँग्ज यांनी ‘रोलिंग स्टोन’मध्ये प्रतिकूल परीक्षण लिहिले, तरीही ध्वनिमुद्रिका ब्रिटिश क्रमवारीत ८ व्या स्थानी पोहोचली. ब्लूजच्या चौकटीत ऐकणाऱ्या समीक्षेला तिच्यातील उणिवा दिसल्या, पण शीर्षकगीताने ती चौकट ओलांडली होती, हे जाणवले नाही.

समारोप

५ जुलै २०२५ रोजी मूळचे चौघे अ‍ॅस्टनमधील व्हिला पार्क येथे अखेरचे एकत्र आले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला गायक ऑझी ऑस्बॉर्न यांचे निधन झाले. वाद्यवृंदाचा प्रवास जिथून निघाला त्याच वस्तीत संपला. श्रमिक जीवन आणि कला यांचा संबंध शोधताना केवळ आशय वा ध्वनिसाम्य पाहणे पुरेसे नाही. निर्मिती करणाऱ्या देहाचाही विचार करावा लागतो, हेच या ध्वनिमुद्रिकेच्या अभ्यासातून स्पष्ट होते.