दैव, युद्ध आणि दानपेटी

किरण नगरकर यांच्या कादंबऱ्या आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांत फारशा वाचल्या गेल्या नाहीत. ज्यांनी त्या हाती घेतल्या त्यांपैकी काहींनी रागाने मिटल्या, असा आमचा अनुभव आहे. राग अगदीच निराधार नव्हे. नगरकर पवित्र गोष्टींजवळ उभे राहून हसतात, आणि हसताना आवाज खाली घेत नाहीत. तथापि २०१९ साली त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या लेखनाकडे पुन्हा वळलो असता आम्हांला असे वाटू लागले की, हा हसणारा माणूस आपल्याविषयी जे बोलून गेला ते कोणा धर्मगुरूने व्यासपीठावरून सांगितले असते तर आपण माना डोलावल्या असत्या.

१९९०च्या दशकाच्या मध्यावर प्रसिद्ध झालेली ‘रावण अँड एडी’ ही कादंबरी इंग्रजीत पूर्ण झाली, पण तिचा आरंभ मराठीत झाला होता, आणि तिच्या इंग्रजी वाक्यांमागे मराठी चाळीचा आवाज सतत ऐकू येतो. ही चाळ माझगावची. हिंदू कुटुंबे आणि कॅथलिक कुटुंबे वेगवेगळ्या मजल्यांवर राहतात. जिना एकच, पण घरोबा नाही. तेरा महिन्यांचा राम गॅलरीतून खाली पडतो, व्हिक्टर कुटिन्हो त्याला झेलतो आणि त्यातच प्राणास मुकतो. व्हिक्टरची दृष्टी वर लागलेली असते ती मुलासाठी नव्हे, मुलाच्या आईसाठी. त्याची पत्नी व्हायोलेट त्या वेळी गरोदर असते आणि पुढे एडीला जन्म देते. इकडे दृष्ट लागू नये म्हणून रामाची आई मुलाचे नाव बदलून रावण ठेवते.

या प्रसंगात नगरकरांनी काय साधले आहे ते नीट पाहिले पाहिजे. एका माणसाने दुसऱ्यासाठी प्राण दिला, ही आपल्या श्रद्धेच्या गाभ्यातील घटना. येथे ती घडते, परंतु देणाऱ्याच्या मनात ती नसते. हौतात्म्याचे सोंग उरत नाही, तरी मूल वाचते ते वाचतेच. याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. कळत्या वयात येताच रावणाला समजते की आपण खुनी आहोत. हाताने काही केलेले नाही, मनाने काही इच्छिलेले नाही, तरी दोष डोक्यावर आहे. मूळ पापाची शिकवण आपण लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. ती एका हिंदू पोराच्या छातीवर अशी ठेवलेली पाहून आम्ही थबकलो. तिकडे एडी संघाच्या शाखेत रमतो आणि घरच्यांची झोप उडते. नगरकरांचे दैव म्हणजे ग्रहताऱ्यांचा खेळ नव्हे. एकमेकांचे तोंड पाहू न इच्छिणाऱ्या दोन घरांना ज्याने न फिटणाऱ्या ऋणात बांधले, तो अपघात म्हणजे त्यांचे दैव.

आणि युद्ध? ते या चाळीत नळावर होते. पाण्यावरून पेटणाऱ्या लढायांचे वर्णन करण्यासाठी लेखक कथा मध्येच थांबवतो. ज्यांनी लालबाग-परळच्या चाळींत पहाटे हंडे-कळशा रांगेत लावल्या आहेत त्यांना ती पाने अतिशयोक्त वाटणार नाहीत. मोठे युद्ध नगरकरांनी आधीच हाताळले होते. १९७८ सालच्या ‘बेडटाइम स्टोरी’ या नाटकात त्यांनी महाभारताला हात घातला. सेन्सॉर मंडळाने त्यात ७८ ठिकाणी कात्री सुचवली आणि पुढे सतरा वर्षे त्याचा प्रयोग होऊ शकला नाही. कुरुक्षेत्रावरील संहाराला विधिलिखित म्हटले की पाहणारे सगळे सुटतात. ही सुटका नगरकर कोणालाच मिळू देत नाहीत.

युद्धाकडे असे पाहणे जगाच्या साहित्यात नवे नाही. जर्मनीत १६१८ ते १६४८ या तीस वर्षांत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक सैन्यांनी देश उद्ध्वस्त केला. त्या धुमश्चक्रीत वाढलेल्या ग्रिमेल्सहाउझेनने पुढे ‘सिम्प्लिसिसिमस’ लिहिली. तो जन्माने ल्यूथरपंथी, नंतर कॅथलिक झालेला. त्याचा भोळा नायक या छावणीतून त्या छावणीत फेकला जातो, आणि दोन्हीकडे त्याला लूटच दिसते. दोन्ही पंथांत वावरल्यामुळेच तो लेखक दोहोंना हसू शकला असावा.

२००६ सालच्या ‘गॉड्स लिटल सोल्जर’मध्ये मात्र नगरकरांचा रोख थेट धर्मसंस्थांकडे वळतो. नायक झिया मुंबईच्या सुखवस्तू मुस्लिम घरातला, गणितात विलक्षण हुशार, केंब्रिजला शिकलेला. आपल्याला परमेश्वराने निवडले आहे या खात्रीने तो आधी सलमान रश्दींचा जीव घ्यायला निघतो. पुढे हाच माणूस कॅथलिक मठात संन्यासी होतो आणि ल्यूसन्स हे नाव घेतो. गर्भपाताविरुद्ध तो मोहीम उघडतो. मोहिमेला पैसा लागतो. तो शेअरबाजारातून, आणि पुढे शस्त्रव्यापारातूनही, उभा राहतो. जन्माला न आलेल्या जिवांसाठी तळमळणारा माणूस जन्मलेल्यांना मारणाऱ्या बंदुकांचा हिशेब लिहीत बसतो. आपल्या दृष्टीने या कादंबरीतील सर्वांत बोचणारी जागा हीच, कारण झियाचा हेतू आपलाही हेतू आहे.

नगरकर ज्या घराण्यातले, त्याची परंपरा येथे आठवते. त्यांचे आजोबा बी. बी. नगरकर १८९३च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलले होते. गिरगावातील प्रार्थना समाज हा त्याच विचारकुळातला. सेंट तेरेसा चर्चपासून तेथवर चालत जायला काही मिनिटे पुरतात. त्या समाजाचे धुरीण न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात संतांच्या चळवळीची तुलना युरोपातील प्रोटेस्टंट सुधारणेशी केली. पुरोहिताच्या मक्तेदारीला नकार, हा त्यांना दोहोंतला समान धागा वाटला. झियाचा भाऊ अमानत हा लेखक आहे आणि तो कबीरावर लिहितो. या योगायोगात आम्हांला रानड्यांचाच धागा दिसतो.

म्हणून ल्यूथरचे नाव टाळून चालणार नाही. १५१७ साली त्याने जी ९५ विधाने मांडली, त्यांच्या मुळाशी दंडमाफीपत्रांचा व्यापार होता. दंडमाफी म्हणजे पापक्षमा नव्हे. क्षमा झालेल्या पापाच्या ऐहिक दंडातून मिळणारी सूट, हे आपल्याला माहीत आहे. विकणाऱ्यांनी हा भेद पुसून टाकला. रोममध्ये संत पेत्राचे नवे मंदिर उभारायचे होते, हेतू पवित्रच. परंतु जर्मनीत जमलेल्या पैशांपैकी अर्धा भाग ऑग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडे जात होता, कारण महाधर्माध्यक्ष आल्ब्रेख्त यांनी आपले पद मिळवताना त्यांचे कर्ज काढले होते. सामान्य बाईला वाटे की आपण मृत पित्यासाठी नाणे टाकले. अखेरीस ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली दंडमाफीच्या निमित्ताने होणारी कमाई बंद केली. तोवर ४६ वर्षे लोटली होती आणि ख्रिस्तसभा दुभंगली होती. ल्यूथरच्या सगळ्या सिद्धान्तांशी आपण सहमत होऊ शकत नाही. पण हिशेबाची वही उघडा, ही त्याची मागणी रास्त होती.

आपल्याकडे फेस्ताच्या मांडवाला किंवा वेदीच्या नव्या संगमरवराला देणगी आली की देणगीदाराचे नाव फलकावर कोरले जाते. पैसा कोठून आला हे विचारणे असभ्य समजले जाते. भाडेकरूंना हुसकावून बांधलेल्या मनोऱ्यातला आहे की घामाचा आहे, हा प्रश्न दानपेटीला पडत नाही. तो नगरकरांच्या कादंबरीला पडतो, आणि म्हणून ती आपल्या घरात यायला हवी असे आम्हांला वाटते.

तरीही कलाकृती म्हणून ‘गॉड्स लिटल सोल्जर’ आम्हांला कमी पडलेली वाटते. झियाच्या आयुष्यात अपघाताला जागाच नाही. जे घडते ते त्याच्या लेखी देवाने त्याच्यासाठी योजलेले असते. अशा माणसाला हसू येत नाही, आणि त्याच्या सहवासात लेखकाचेही हसू आटते. विनोदाची जागा वादविवाद घेतो, पाने वाढतात. संन्यासी ल्यूसन्स आणि आधीचा झिया यांच्या बोलण्याचा सूर इतका सारखा आहे की कॅथलिक मठ हा केवळ बदललेला पोशाख वाटतो. प्रार्थनेचे तास, मौन, एकमेकांना सोसणारे म्हातारे संन्यासी, हे सारे लेखकाने बाहेरून पाहिले आहे. माझगावच्या जिन्यावरचे कॅथलिक मात्र त्याने शेजारी म्हणून पाहिले. त्यांची थट्टा करताना त्यांच्या रविवारच्या कपड्यांची इस्त्रीसुद्धा त्याला दिसते.

रावण आणि एडी यांची कथा नगरकरांनी २०१२ आणि २०१५ साली आणखी दोन कादंबऱ्यांत पुढे नेली. दोघे चित्रपटसृष्टीत शिरतात. तेथे चाळ मागे पडते आणि तिच्याबरोबर पहिल्या पुस्तकाची धारही. धर्मग्रामाच्या वाचनालयात एकच प्रत ठेवायची झाली तर आम्ही ती पहिल्या पुस्तकाची ठेवू, आणि वडीलधाऱ्यांनी ते मुलांच्या आधी वाचावे असे सुचवू. त्यातल्या काही प्रसंगांवर मुले प्रश्न विचारतील. व्हिक्टरला हुतात्मा म्हणावे काय, हा त्यांतला पहिला असेल.