स्वस्त भय आणि अभिजात ग्रंथ

सिनेमाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने पंचेचाळीस चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला अशा तीन विभागांत ती मांडलेली आहे. त्यांतील कलाविभागात 'सिटिझन केन' आणि चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' यांच्या पंगतीला एक नाव असे आहे की, ते वाचून पुष्कळ भाविकांच्या भुवया उंचावाव्यात. ते नाव 'नोस्फेराटू'. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांनी जर्मनीत काढलेला आणि १९२२ साली पडद्यावर आलेला हा मूकपट म्हणजे माणसांचे रक्त पिऊन जगणाऱ्या पिशाच्चाची कथा. बरे, ती कथाही उसनी नव्हे, चक्क चोरलेली. ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ सालची. निर्मात्यांनी तिचे हक्क न घेताच चित्रपट काढला आणि काउंट ड्रॅक्युलाचे नाव बदलून काउंट ऑरलॉक ठेवले. प्राना-फिल्म ही त्यांची कंपनी हा एकच चित्रपट काढून दिवाळ्यात गेली. पैसा इतका बेताचा, की एकाच कॅमेऱ्यावर काम उरकावे लागले. रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी घेऊन फितीला रंग देण्यात आला. स्टोकर यांच्या विधवा पत्नीने दावा लावला आणि १९२५ साली जर्मन न्यायालयाने चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. काही प्रती त्यातून बचावल्या, म्हणून आज तो आपल्याला पाहता येतो.

ही हकिकत आम्ही आरंभीच सांगितली, याला कारण आहे. आपल्या धर्मग्रामांतील आईवडील अलीकडे वारंवार तक्रार करतात, की मुले रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन कसले तरी भुताखेतांचे चित्रपट पाहत असतात. त्यांतील कित्येक चित्रपट नामांकित ग्रंथांवर आधारलेले असल्याचे मुले वर सांगतात. तेव्हा हे वाङ्मय समजावे की पाप, असा आईवडिलांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु भयपट म्हणजे हीन आणि कमी पैशांत काढलेला भयपट म्हणजे अधिकच हीन, हे गृहीत आम्हांस मान्य नाही. तसे असते तर ती यादी करणाऱ्यांनी 'नोस्फेराटू'ला दारातही उभे केले नसते. दोष गरिबीचा नाही. मूळ ग्रंथातून काय उचलले आणि काय टाकून दिले, हे पाहावे लागते.

'ड्रॅक्युला' या कादंबरीचेच पाहू. तिचे भय कशावर उभे आहे? पिशाच्चाच्या सुळ्यांवर नव्हे. दुसऱ्याचे रक्त घेऊन स्वतः अमर होऊ पाहणारा हा उमराव म्हणजे मिस्साबलीचे भेसूर विडंबन आहे. प्रभूने स्वतःचे रक्त देऊन इतरांस जीवन दिले. हा इतरांचे रक्त घेऊन स्वतःचे जीवन लांबवतो. ख्रिस्ती वाचकाच्या अंगावर काटा येतो तो या उलटापालटीने. स्टोकर हे आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट कुटुंबातले. आपल्या संस्कारांविषयी त्यांची समज बेताचीच होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्यांचा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग पवित्र ओस्तीचा चुरा लुकणात मळून थडग्याच्या फटी बुजवतो आणि यासाठी आपणांस 'इंडल्जन्स' मिळाल्याचे सांगतो! इंडल्जन्सचा असा उपयोग आमच्या सेमिनरीतील कोणत्याही प्राध्यापकाने आम्हांस शिकवला नाही. तेव्हा अभिजात ग्रंथ म्हणून त्यातले सारेच सोने, असेही नव्हे.

मुर्नाऊंनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. क्रूस आणि ओस्ती घेऊन पिशाच्चाची पाठ धरणारी डॉक्टरांची ती मोहीम त्यांनी जवळजवळ गाळूनच टाकली. त्याऐवजी एलेन ही तरुण पत्नी शहरावर आलेली मरी पाहते आणि एका पोथीत वाचते, की निष्पाप स्त्रीने स्वेच्छेने आपले रक्त देऊन पिशाच्चाला कोंबडा आरवेपर्यंत रोखून धरले, तरच हे संकट टळेल. ती खिडकी उघडते. पिशाच्च येते, रात्र सरते, सूर्याची किरणे आत येतात आणि त्याचा धूर होतो. एलेनही प्राण सोडते. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही हिंडू शकतो. सूर्यप्रकाशाने त्याचा नाश होणे ही या चित्रपटाचीच देणगी. मुर्नाऊंनी धार्मिक वस्तू टाकल्या आणि धर्माचे मर्म राखले. घेतलेल्या रक्तासमोर त्यांनी दिलेले रक्त उभे केले. रूपांतर याला म्हणावे, मग हक्कांच्या बाबतीत त्यांनी केलेली चोरी कितीही निंद्य असो.

आता अगदी उलट टोकाचे उदाहरण. ए. ए. मिल्न यांचे 'विनी द पू' हे बालपुस्तक १९२६ सालचे. आपल्या इंग्रजी शाळांत जाणाऱ्या मुलांना ते अस्वल परिचित आहे. १ जानेवारी २०२२ रोजी अमेरिकेत या पुस्तकावरील हक्कांची मुदत संपली आणि लगोलग इंग्लंडमध्ये ऱ्हीस फ्रेक-वॉटरफील्ड यांनी त्याचा भयपट केला. 'ब्लड अँड हनी' या नावाने तो २०२३ साली झळकला. खर्च एक लाख डॉलरच्या आत, उत्पन्न पन्नास लाखांच्या वर. पुढच्या वर्षी अत्यंत वाईट चित्रपटाला दिले जाणारे गोल्डन रास्पबेरी हे उपहासाचे पारितोषिकही त्याने पटकावले. मुखवटे घातलेली दोन माणसे तरुण मुलींना निरनिराळ्या हत्यारांनी मारत सुटतात, याखेरीज त्यात सांगण्याजोगे काही नाही.

गंमत अशी की, आरंभीच्या दोन मिनिटांत या चित्रपटाच्या हाती एक खरी कथा लागली होती. ख्रिस्तोफर रॉबिन मोठा होतो, शिकायला निघून जातो आणि त्याच्या हातच्या घासावर वाढलेली ती प्राणिमंडळी उपाशी राहतात. भुकेने आपल्यातल्याच एकाला खातात आणि माणसाचा द्वेष करू लागतात. ज्याने जीव लावला त्यानेच टाकून दिले, हे दुःख मेरी शेली यांच्या 'फ्रँकेन्स्टाइन'चे (१८१८) आहे. त्या कादंबरीतला राक्षस बोलतो, मिल्टन वाचतो आणि आपल्या निर्मात्याला जाब विचारतो, की मला घडवलेस तर मग टाकलेस का? १९३१ सालच्या प्रसिद्ध चित्रपटाने त्याची वाचाच काढून घेतली. बोरिस कार्लोफ यांच्या डोळ्यांनी ती उणीव पुष्कळ भरून काढली, हा त्या नटाचा मोठेपणा. 'ब्लड अँड हनी'मध्ये मुखवट्याआड डोळेही नाहीत. टाकून दिलेल्यांचा आक्रोश दोन मिनिटांत आटोपतो आणि उरलेल्या वेळात केवळ कत्तल होते.

हा प्रश्न केवळ परक्या देशांचा समजू नये. आम्ही हे पन्हाळ्यावरून लिहीत आहोत. येथून कोसांच्या अंतरावर, खाली कोल्हापुरात, अभिजात ग्रंथातील भय पडद्यावर आणण्याचा पहिला मोठा मराठी प्रयोग १९२० साली झाला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा तो मूकपट. कॅमेरा त्यांनी येथेच तयार केलेला. भांडवलासाठी तानीबाई कागलकर या गायिकेने हात दिलेला. कथा महाभारताच्या विराटपर्वातली, मधे खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकाचा दुवा. ते नाटक १९१० साली सरकारने बंद पाडले होते, कारण कीचकाच्या जागी प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. पेंटरांनी कीचकाचा वध इतका भेसूर चित्रित केला, की तो प्रसंग पुढे काढून टाकावा लागला, अशी नोंद चित्रपटाचे इतिहासकार करतात. 'सैरंध्री' आज उपलब्ध नाही, त्यामुळे त्या दृश्याविषयी निवाडा देणे आम्हांस शक्य नाही. तथापि विराटपर्व आपल्यासमोर आहे. भीमाने कीचकाच्या देहाचा गोळा केला, हे वर्णन तेथे आहेच. पण त्याआधी भर दरबारात द्रौपदीला लाथ बसते आणि राजा विराट गप्प राहतो. कंकाच्या वेशात बसलेला तिचा स्वतःचा पतीही तिलाच गप्प करतो. त्या मौनामुळे रात्रीच्या नृत्यशाळेतील तो भयंकर वध वाचकास सोसवतो. दरबार वगळून नुसती नृत्यशाळा दाखवली, तर उरतो तो खाटिकखाना.

हिंदीत ही चूक रामसे बंधूंनी वर्षानुवर्षे केली. त्यांच्याविषयी आम्हांस एक प्रकारची आपुलकीही वाटते. सारे कुटुंब एका बसमध्ये महाबळेश्वरी जायचे. एक भाऊ कॅमेऱ्यावर, दुसरा ध्वनी सांभाळणार, तिसरा लिहिणार. 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२) हा चित्रपट असाच उभा राहिला. कुटुंबाने एकत्र राबण्याचा एवढा चांगला धडा इतक्या टाकाऊ कथांवर खर्च व्हावा, हे दुर्दैव. त्यांचा 'बंद दरवाज़ा' (१९९०) हा 'ड्रॅक्युला'चा देशी अवतार. त्याचा प्रारंभ मात्र स्टोकर यांनाही सुचला नसता असा आहे. मूल होत नाही म्हणून ठाकुराच्या घरात सून छळ सोसते. नवरा दुसरे लग्न करील या भयाने ती काळ्या पहाडीवरील नेवला नावाच्या पिशाच्चाकडे जाते. करार असा, की मुलगा झाला तर तिचा, मुलगी झाली तर त्याची. आपल्या गावागावांतून अद्यापि न संपलेली एक गोष्ट या अटीत आहे. मुलगा घरात ठेवायचा आणि मुलगी अंधाराच्या हवाली करायची, हा करार करण्यासाठी पिशाच्चाचीही गरज लागत नाही, हे आम्ही कबुलीच्या खुर्चीत बसून पुरते जाणतो. पण तेवढ्यात आई मरते, वर्षे लोटतात आणि चित्रपट गाणी, ओल्या साड्या व गुहेतील हाणामारी यांत रमतो. छळणाऱ्या घराला जाब विचारायला कोणी उरत नाही. पवित्र चिन्हांचा उपयोग या जातीच्या चित्रपटांत विजेच्या बटणासारखा होतो. दाबले की भूत जळते. दाबणाऱ्याचे अंतःकरण कसे आहे, याची चौकशी नाही. श्रद्धेची ही कल्पना आमच्या मते नेवल्याच्या सुळ्यांपेक्षा अधिक घातक आहे आणि मुलांशी बोलायचे तर आईवडिलांनी याविषयी बोलावे.

याच वाटेवर 'तुंबाड' (२०१८) भेटतो, तेव्हा बरे वाटते. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट मोठ्या हिंदी चित्रपटांच्या मानाने तुटपुंज्या पैशांत आणि अनेक वर्षे खपून पुरा झाला. त्याचे मूळ नारायण धारपांच्या 'आजी' या कथेत, धारपांचे मूळ स्टीफन किंग यांच्या कथेत आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. इतक्या ठिकाणची उसनवारी असूनही चित्रपट स्वतःचा आहे, कारण त्याचा कर्ता एक प्रश्न हातून सुटू देत नाही: लोभ बापाकडून मुलाकडे कसा जातो? विनायक आपल्या मुलाला हस्तराच्या लंगोटातली नाणी कशी काढावीत हे शिकवतो, जसे दुसरा एखादा बाप धंदा शिकवील. अखेरीस शापित बाप सोन्याने भरलेला लंगोट मुलापुढे धरतो आणि मुलगा तो नाकारतो. स्त्रियांना या चित्रपटात फारसे काही करू दिलेले नाही, ही त्याची मोठी उणीव. विनायकाची बायको तर पीठ दळण्यापुरती. मोठ्या मुलांसोबत बसून आईवडिलांनी तो पाहावा. लहानांना मुळीच दाखवू नये.

पन्हाळ्यावर चित्रीकरणासाठी माणसे पूर्वीपासून येत आली आहेत. धुके फुकट, बुरूज फुकट आणि अंधारबावीसारखी जागा तर भयपटासाठीच बांधल्यासारखी. तेव्हा हाती थोडे पैसे असलेला एखादा तरुण उद्या येथेही भयपट काढू लागेल. त्याला ग्रंथालयात जायला वेळ नसेल तर गडावरच्या कोणाही म्हाताऱ्याला विचारावे. तट उभा राहीना म्हणून गंगू तेलिणीचा बळी दिला, अशी कथा येथे सांगतात. ती खरी की खोटी, हे इतिहासकारांनी पाहावे. चित्रपटवाल्याला त्या बाईचे भूत दाखवण्याचा मोह होईल. पांढरे पातळ, मोकळे केस आणि रात्री वाजणारी पैंजणे यांची सोय दीडदोन हजारांत होते. बळी द्यायला सांगणारा राजा, त्याला रुकार देणारे दरबारी आणि सकाळी उठून त्याच तटावर चिरे चढवणारे गवंडी यांच्यासाठी मात्र त्याला चार नट अधिक घ्यावे लागतील.