रोजचंच आहे, त्यात काय लिहायचं?

नवोदितांच्या एका बैठकीत एका तरुणाने कविता वाचली. तिच्यात देशप्रेमाचा पुरावा मागणारे होते, जळालेली वस्ती होती, मिनारावरचा चंद्र होता. टाळ्या पडल्या. नंतर चहा घेताना त्याच्या वडिलांचा विषय निघाला. वडील बागवान, बाजारात हातगाडीवर केळी विकतात. दिवस कलला की दर कसा उतरत जातो, मगरीबच्या अजानपर्यंत किती डझन उरली यावर घरची रात्र कशी ठरते, हे तो सहज सांगत होता. म्हणाला, "आम्ही भावंडांनी लहानपणी बिनडागाचं केळं खाल्लंच नाही. चांगलं ते गाडीवर. अम्मी म्हणायची, डागी है वो घरकू रहने दो." आम्ही म्हणालो, हीच तुमची कविता. तो हसला. "सर, हे तर रोजचंच आहे. त्यात काय लिहायचं?"

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याआधीही मुस्लिम लेखक मराठीत लिहीतच होते, पण आपले अनुभवविश्व मराठी साहित्यात आलेले नाही, ते आपणच आणले पाहिजे, ही जाणीव या चळवळीने मोठ्याने मांडली. मागणी रास्त होती. त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले, आजही लिहिले जाते. मात्र नव्या कविता-कथा वाचताना आम्हाला असे दिसते की त्यांतल्या बऱ्याच दोन वाटांनी जातात.

पहिली वाट प्रश्नाची. दंगल, तलाक, संशय, फाळणीचे ओझे. हे विषय खोटे नाहीत. ज्याच्यावर गुदरले त्याने लिहिलेच पाहिजे. पण पुष्कळदा ते वर्तमानपत्रातून कवितेत येतात, घरातून येत नाहीत. मुसलमान लेखकाने याच विषयांवर बोलावे अशी बाहेरच्या वाचकाची अपेक्षा असते आणि आपण ती निमूटपणे पुरी करतो. दुसरी वाट शीरखुर्म्याची. ईद आली, शेजारचे काका आले, वाटी भरून दिली, दिवाळीला त्यांच्याकडून फराळ आला. हेही खोटे नाही. पण हे घर पाहुण्यासाठी आवरलेले घर आहे. ईदच्या आधी उधारीवर घेतलेले कापड, चाँदरातीला पहाटेपर्यंत मशीन चालवणारा शिंपी, सगळे जेवून गेल्यावर पातेली घासत बसलेली सून, यांना त्या कवितेत जागा नसते. पहिल्या वाटेवर आपण स्वतःचा बचाव करतो, दुसरीवर स्वतःची ओळख करून देतो. दोन्हीकडे नजर बाहेरच्या वाचकाकडे असते. बागवानाचे डागी केळे या दोन्ही वाटांवर सापडत नाही, कारण ते कोणाला दाखवायचे नसते.

आपल्याच परंपरेत याचे एक मोठे उदाहरण आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात आग्र्याला राहिलेल्या नज़ीर अकबराबादींनी भाकरीवर, काकडीवर, तिळाच्या लाडूवर, होळीवर, बंजाऱ्यावर नज़्मा लिहिल्या. उर्दूच्या जाणकारांनी त्यांना बाजारू ठरवले आणि थोर कवींच्या पंक्तीत बरीच वर्षे बसू दिले नाही. १९५४ साली हबीब तन्वीर यांनी याच नज़ीरवर 'आगरा बाजार' हे नाटक केले. त्यातल्या काकडीवाल्याचा माल खपत नाही. आपल्या काकडीवर कोणी कविता करून दिली तर ती गाऊन विकता येईल, असे त्याच्या मनात येते. बडे शायर त्याला हुसकावतात. नज़ीर मात्र लिहून देतात आणि काकडी खपते. संबंध नाटकात नज़ीर रंगमंचावर येत नाहीत. येतो तो बाजार. आम्हाला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. काकडीवाल्याच्या गरजेत कविता आहे हे बड्या शायरांना दिसले नाही, कारण कविता कशावर होते हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

मराठीतही दूर जायला नको. पेशवाईच्या उत्तरकाळातले सगनभाऊ जन्माने मुसलमान, धंद्याने शिकलगार. त्यांचे प्रतिस्पर्धी होनाजी गवळी. हत्याराला धार लावणारा हात लावणीही रचतो, याचे त्या काळाला नवल वाटले नाही. आपल्याला मात्र धंदा बाजूला ठेवल्याशिवाय साहित्यिक झाल्यासारखे वाटत नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख गिरणीत राबले आणि आई मुनेरबीच्या तोंडची गाणी ऐकत वाढले. त्यांच्या आवाजाचे कौतुक सगळेच करतात, पण त्या आवाजामागे घरात राबताना गाणारी आई होती, हे आपण विसरतो.

हमीद दलवाईंची 'इंधन' (१९६५) प्रश्नावरची कादंबरी म्हणून वाचली जाते. पुन्हा वाचून पाहावी. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक जे पाहतो ते आधी रोजचेच आहे. जमिनीचे, जुन्या संबंधांचे, मानापमानाचे आणि वासनांचे ताण एकेक करून साठत जातात आणि मग पेट घेतात. शीर्षकच ते सांगते. ठिणगीवर लिहिणारे पुष्कळ असतात. दलवाईंनी सरपण कुठे रचले जाते ते पाहिले. म्हणूनच त्यांच्या विचारांशी भांडणाऱ्यालाही ही कादंबरी टाळता येत नाही.

आता आपल्या आसपास पाहावे. बागवान, आतार, तांबोळी, पिंजारी, मणियार, मोमीन, शिकलगार, मुलाणी. ही आडनावे वाटतात, पण प्रत्येक आडनाव हे एक काम आहे. मुलाण्याचेच घ्या. अनेक गावांत जत्रेतला बकरा त्याच्या हातून कापला जाई आणि ठरलेला वाटा त्याला मिळे. यावर लगेच ऐक्याची कविता करण्याचा मोह होतो. पण लेखकाने जरा थांबावे. सुरी धुऊन झाल्यावर मुलाणी जेवायला कुठे बसे? त्याचा मुलगा शिकून शहरात गेल्यावर वडिलांचे काम काय सांगतो? आणि जत्रेचे दिवस आले की म्हाताऱ्याला कोणाची वाट पाहावीशी वाटते? कथा या प्रश्नांत आहे.

भाषेचेही तसेच. घरात दखनी आणि अंगणात मराठी असे आपल्यातले बहुसंख्य जगतात. कोकणातल्या घरांची बोली आणखी निराळी. आई रागावते एका भाषेत, मास्तर दुसरीत. उंबऱ्यावर रोज होणारी ही अदलाबदल आपण कथेत आणत नाही. सगळी पात्रे छापील मराठी बोलतात, आणि मुसलमानपण दाखवायला मध्येच एखादे 'या अल्लाह' घातले जाते.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. रोजचे आहे म्हणून ते आपोआप साहित्य होत नाही. दस्तरखान, बधना, सुरमेदाणी असे शब्द ओळीने मांडले की कविता होते, असा समज अलीकडे वाढतो आहे. ही यादी झाली. डागी केळ्याची कविता केळ्यामुळे होणार नाही. चांगले ते विकायचे आणि डागी ते आपल्या लेकरांना द्यायचे, हे ज्या आईने वर्षानुवर्षे न बोलता ठरवले तिच्याकडे पाहता आले तर होईल. आणि तिच्याकडे पाहिले की गरिबी, बाजार, मुसलमान असणे, बाई असणे हे सगळे प्रश्न त्या केळ्यात आलेलेच असतात. त्यांना वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही.

आमचे म्हणणे इतकेच आहे की आपले अनुभवविश्व साहित्यात आणायचे तर ते आधी आपल्याला लिहिण्याजोगे वाटले पाहिजे. आपल्या बापाची हातगाडी आपल्यालाच क्षुल्लक वाटत असेल तर ती दुसऱ्याने का पाहावी? त्या तरुणाला आम्ही पुढच्या बैठकीला काहीच न लिहिता यायला सांगितले होते. फक्त एक संध्याकाळ वडिलांच्या गाडीपाशी उभे राहून या, म्हणालो. तो अजून आलेला नाही. आम्ही वाट पाहत आहोत.