गेलेले आणि उरलेले : बहिणाबाईंच्या कवितेतील आत्मभान

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याविषयी मराठी समीक्षेने ‘निरक्षर तत्त्वज्ञ’ ही प्रतिमा इतकी रूढ केली आहे की, अनुभव घेणारी व्यक्ती तिच्याआड गेली. मन, संसार, माणूस यांवरील त्यांच्या रचना सुभाषितांसारख्या उद्धृत होतात. त्यांमागील जगणे गौण ठरते. वस्तुतः ही कविता प्रथम एका स्त्रीचे आत्मकथन आहे. चिंतन हे त्याचे फलित होय.

असोद्यात जन्म, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरी घराण्यात विवाह, तिशीत वैधव्य आणि पदरी तीन मुले, एवढा चरित्राचा तपशील पुरेसा आहे. वैधव्यावरील त्यांच्या रचनेची घडण पाहण्यासारखी आहे. तेथे प्रत्येक प्रतिमेला दोन अर्धे आहेत : एक गेलेल्याचे, एक उरलेल्याचे. कुंकवाच्या जागी गोंदण, बांगड्यांच्या जागी मनगटाचे बळ, मंगळसूत्राच्या जागी शपथ. समाज जी चिन्हे देतो ती तो काढूनही घेतो. देहात आणि शब्दात मुरलेले मात्र त्याला काढता येत नाही. शपथ उरते म्हणजे प्रेमही उरते. त्यामुळे या रचनेत निव्वळ पातिव्रत्य पाहणारे वाचन जितके अपुरे, तितकेच विवाहसंस्थेचा नकार शोधणारेही. नशिबावरील दुसऱ्या रचनेत कवयित्री ज्योतिषालाच दारातून परत पाठवते. आपल्या जगण्याचा अर्थ लावण्याचा अधिकार ती इतर कोणाकडे सोपवीत नाही. आत्मशोधाचा हा निर्णायक क्षण होय.

स्मृतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिखित गद्य काळाची संगती लावते. बहिणाबाईंची स्मृती जात्यावरच्या आणि शेतातल्या श्रमाच्या लयीत वावरते. ती क्रमाने पुढे न जाता त्याच प्रतिमांकडे परतते. कवी असलेले पुत्र सोपानदेव यांच्यामुळे ही गाणी कागदावर टिकली आणि आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ग्रंथरूप झाली. तो ग्रंथ पाहण्यास कवयित्री हयात नव्हती. म्हणून संग्रहातील रचनाक्रमाला जीवनक्रम मानणे अयोग्य ठरेल.

बोलीबाबतही हीच दक्षता हवी. जळगाव परिसरातील लेवा बोली आणि धुळ्याकडील अहिराणी यांना ‘खानदेशी’ या एकाच नावाखाली ढकलले की, या कवितेचा उच्चार आणि पर्यायाने तिची लय निसटते. बोली हा येथे प्रादेशिक अलंकार नाही. कवयित्रीला स्वतःशी बोलण्यासाठी उपलब्ध असलेली ती एकमेव भाषा आहे.

२०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. गौरव उचितच आहे. परंतु गौरवाने व्यक्ती पुन्हा प्रतिमा होण्याचा धोका असतो. अभ्यासकाने सुभाषितांकडून ‘उरलेल्या’ त्या स्त्रीकडे वळणे, ही आजच्या समीक्षेची गरज आहे.